शॉकपची खुंटी

मराठीत ‘कडक’ हा कौतुकाचा शब्द आहे. चहा कडक, इस्त्री कडक, सलाम कडक. म्हणूनच की काय, पिकअपला नॉबवाले नवे शॉकप बसवले की मालकाचा हात आपसूक शेवटच्या आकड्याकडे जातो. माझाही गेला. नॉबवर एक ते नऊ आकडे होते, आणि विकणाऱ्यानेही सांगितलं होतं, “साहेब, नऊवर ठेवा, गाडी रस्त्याला चिकटून चालेल.” चारही चाकांना नऊ लावून, रिकाम्या हौद्यानिशी कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागलो. खालापूरच्या टोलनाक्याला पोचेपर्यंत काँक्रीटचा प्रत्येक सांधा मणक्यात मोजून झाला होता. एका पुलाच्या जोडावर तर गाडीचा मागचा भाग चक्क बाजूला सरकला. चिकटणं राहिलं दूर, टायर रस्ता सोडत होते.

परत आल्यावर कळंबोलीतल्या एका कमानीवाल्याकडे गेलो. ट्रकच्या पाट्यांच्या कमानी उतरवून, ठोकून, पुन्हा चढवण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने नॉबकडे पाहिलंसुद्धा नाही. “हवा किती भरलीय? आणि मागे वजन किती असतं?” एवढंच विचारलं. मला तेव्हा वाटलं, या माणसाला नवीन माल कळत नाही. न कळणारा कोण होता, हे उमगायला पुढचे काही महिने आणि एक दोनशे पानी वही लागली.

शॉकपचा कारभार समजून घ्यायचा तर आधी त्याच्या नावावर विसंबून चालणार नाही. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा, पण धक्का मुळात तो शोषत नाहीच. धक्का झेलतात टायर आणि स्प्रिंग. गाडीचं वजनही स्प्रिंगच पेलते. मात्र स्प्रिंग हा प्रामाणिक कर्जदार आहे, घेतलेलं सगळं परत करतो. खड्ड्यात दबताना साठवलेली शक्ती ती उलट फेकते, गाडी वर उसळते, पुन्हा खाली येते, पुन्हा उसळते. हे झुलणं थांबवण्याचं काम शॉकपचं. तेलाने भरलेली नळी, तिच्यात दांडीला जोडलेला पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची झाकणं, एवढाच त्याचा संसार. चाक हललं की पिस्टन तेलातून ढकलला जातो, तेल चिंचोळ्या वाटेने पलीकडे जाताना अडतं, आणि हालचालीची शक्ती उष्णता होऊन नळीच्या पत्र्यावाटे हवेत जाते. लांबच्या खराब रस्त्यानंतर चांगला शॉकप गरम लागतो तो यामुळे. तीन गरम आणि एक गार असेल, तर तो गार शॉकप बहुधा कामातून गेलेला आहे. (हात लगेच लावू नका. घाटवाटेनंतर तो चटका बसण्याइतका तापलेला असू शकतो.)

नॉब फिरवल्याने तेलाची वाट लहानमोठी होते किंवा झाकणावरचा ताण बदलतो. म्हणजे आपण गाडी कडक किंवा नरम करत नसतो. स्प्रिंगने उसनी घेतलेली शक्ती किती वेळात फेडायची, तेवढं ठरवत असतो.

कळंबोलीत राहून हा विषय शिकणं सोपं आहे, कारण इथे नाना तऱ्हेच्या गाड्या आणि नाना तऱ्हेचे रस्ते एका फेरीत भेटतात. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो. शीव-पनवेल महामार्ग, मुंब्र्याकडचा रस्ता, उरणच्या बंदराकडे जाणारा रस्ता, सगळे इथे एकमेकांच्या अंगावर येतात. शेजारी तळोज्याची एमआयडीसी, आणि वस्तीला लागून सिडकोने वसवलेला लोखंडाचा बाजार. कॉईल आणि प्लेटा लादलेले ट्रेलर जिथे वळतात आणि ब्रेक मारतात, तिथले रस्ते कितीदाही केले तरी दबत, उखडत राहणारच.

त्या बाजारात उभ्या असलेल्या जुन्या ट्रकांच्या मागच्या धुरेखाली एकदा वाकून पाहा. कित्येकांना मागे शॉकप नसतोच. चोरीला गेलेला नाही, मुळातच दिलेला नाही. दहा-बारा पाटे एकावर एक बांधलेली जाडजूड कमान दबते तेव्हा पाटे एकमेकांवर घासतात, आणि ते घर्षणच शॉकपचं काम करतं. मालाने भरलेल्या ट्रकला ते पुरतं. रिकाम्या ट्रकचा मागचा भाग खड्ड्याखड्ड्यावर का आदळत जातो, याचंही उत्तर तिथेच आहे: पंधरा-वीस टनांसाठी बांधलेल्या कमानीवर फक्त हौद्याचं वजन असतं. ती दबतच नाही, तर घासणार कुठून?

पिकअप ही या ट्रकची धाकटी बहीण. २०१६ साली भारतात आलेली इसुझूची व्ही-क्रॉस घ्या किंवा २०२२ ची टोयोटा हायलक्स, दोन्हींना पुढे मोटारीसारखी गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे ट्रकसारखे पाटे. अर्धी गाडी प्रवाशांसाठी, अर्धी मालासाठी. आपल्याकडे हौशी मालक ती घेतो तेव्हा हौद्यात बहुतेक वेळा एक तंबू, एक स्टेपनी आणि पुष्कळशी हवा असते. कारखान्याने दिलेला शॉकप भरलेल्या आणि रिकाम्या हौद्यात तडजोड करून बसवलेला असतो. नॉबवाल्या शॉकपचा खरा उपयोग इथे आहे. ती तडजोड कारखान्याऐवजी आपल्याला, आपल्या वजनासाठी करता येते.

आता कमानीवाल्याचा दुसरा प्रश्न. वजन वाढलं की शॉकप किती वाढवायचा? गणित असं सांगतं की त्याच स्प्रिंगवर वजन दुप्पट झालं, तर तेवढाच ताबा राखायला शॉकपचा विरोध दुप्पट नव्हे, साधारण १.४ पट लागतो, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतका. मागच्या स्प्रिंगवरचं वजन दुप्पट करायला पाच-सहाशे किलो माल लागतो. एवढा माल भरूनही नॉब दीडपटीच्या आतच राहतो, मग रिकाम्या गाडीला नऊ आकडा कशाला हवा होता, ते माझं मला ठाऊक.

शॉकपला दोन दिशा असतात आणि त्या वेगळ्या समजून घेतल्याशिवाय नॉबला हात लावण्यात अर्थ नाही. चाक वर येताना शॉकप दबतो, ते कम्प्रेशन. चाक खाली उतरताना तो ताणला जातो, तो रिबाउंड. दबताना स्प्रिंग स्वतःच विरोध करत असते, म्हणून शॉकपने तिथे जोर लावायची फारशी गरज नसते. ताणला जाताना मात्र त्याला दबलेल्या स्प्रिंगला आवरायचं असतं, म्हणून बहुतेक शॉकपमध्ये रिबाउंडचा विरोध कम्प्रेशनच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेला असतो.

रिबाउंड कमी पडला तर गाडी बोटीसारखी डुलते. एका गतिरोधकानंतर दोन-तीन हेलकावे. हे कुणालाही कळतं. फसवतो तो जास्त झालेला रिबाउंड. लोखंड बाजारातल्या उखडलेल्या रस्त्यावर एकामागून एक खड्डे येतात. पहिल्या खड्ड्यात स्प्रिंग दबली. पुन्हा उलगडायला तिला वेळ हवा, पण शॉकप तिला सोडतच नाही. तोवर दुसरा खड्डा. ती आणखी दबली. चौथ्या-पाचव्या खड्ड्यापर्यंत गाडी इंचाइंचाने खाली बसत जाते आणि शेवटी रबरी ठोकळ्यावर आदळते. मालकाला वाटतं शॉकप नरम पडला, म्हणून तो नॉब आणखी आवळतो आणि गाडी आणखी खाली बसते. मी हेच दोन आठवडे केलं. मग एकदा शेजाऱ्याला गाडी चालवायला देऊन मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचा मागचा भाग कोंबडी बसावी तसा बसत चालला होता. आत बसून हे कधीच दिसलं नसतं.

दुसरी गल्लत ‘स्पीड’ या शब्दाची. महागड्या शॉकपवर लो-स्पीड आणि हाय-स्पीड असे दोन नॉब असतात. अमेरिकेच्या फॉक्स कंपनीच्या काही शॉकपना तर कम्प्रेशनसाठीच असे दोन असतात. हा वेग गाडीचा नव्हे, आतल्या पिस्टनचा. द्रुतगती मार्गावर शंभराने जाताना ब्रेक लावला आणि गाडीचं नाक अर्ध्या सेकंदात चार सेंटिमीटर खाली गेलं, तर ती हालचाल सेकंदाला जेमतेम ०.०८ मीटरची. उलट वस्तीत ताशी २० ने जाताना पाच सेंटिमीटर उंचीचा, पंधरा सेंटिमीटर लांबीचा चढ असलेला घरगुती गतिरोधक आला, तर चाकाला ते अंतर सेकंदाच्या सदतिसाव्या भागात चढावं लागतं. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १.८५ मीटर, ब्रेकच्या वीस पटींहून जास्त. यातला थोडा भाग टायर गिळतो, पुढे शॉकप तिरका बसलेला असल्याने आणखी थोडा कमी होतो, तरी फरक प्रचंड राहतो. तेव्हा गाडी वळणात कलते, ब्रेकला नाक खुपसते, ही तक्रार लो-स्पीडची. खड्ड्यात हातोडा बसतो, ही हाय-स्पीडची. शंभराच्या वेगातली तक्रार ‘लो’च्या नॉबवर मिटते आणि विसाच्या वेगातली ‘हाय’च्या, हे पचायला जरा जड जातं.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या संकेतानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ ने ओलांडता यावा. तसा एखादा सापडला तर जपून ठेवा. लो-स्पीडची परीक्षा घ्यायला त्याच्यासारखी जागा नाही. हाय-स्पीडच्या परीक्षेसाठी मात्र जागा शोधावी लागत नाही.

काँक्रीटच्या सांध्यांचंही एक गणित आहे. आपल्याकडे काँक्रीट रस्त्याचे सांधे सर्वसाधारणपणे साडेचार मीटरवर असतात. शंभराच्या वेगाने सेकंदाला सहा सांधे खालून जातात. गाडीचं धड स्वतःहून सेकंदाला एक ते दीड वेळा झुलतं, चाक आणि धुरा मिळून दहा ते पंधरा वेळा थरथरतात. सहा ही संख्या या दोहोंच्या मधली, गाडीला तिचं विशेष काही नाही. पण माणूस बसल्या जागी उभ्या थरथरीला सर्वांत हळवा असतो तो सेकंदाला चार ते आठ वेळांच्या टापूत. पोटातले अवयव तिथे डोलू लागतात. त्या दिवशी खालापूरपर्यंत नेमकं हेच चाललं होतं. कडक शॉकपने सांध्यांचा तो ताल स्प्रिंगला झेलू न देता थेट माझ्या आसनापर्यंत पोचवला.

नॉब सगळ्यांचे सारखे नसतात. अमेरिकी रँचो किंवा ऑस्ट्रेलियातल्या टफ डॉगच्या नऊ टप्प्यांच्या शॉकपना खालीच एक चाकी असते, हाताने फिरवा आणि निघा. नेदरलँड्सच्या कोनीच्या जुन्या पद्धतीच्या शॉकपमध्ये तो उतरवून, पूर्ण दाबून, दांडी फिरवावी लागते आणि त्याने फक्त रिबाउंड बदलतो. एकच नॉब असेल तर तो नेमकं काय बदलतो, हे खोक्यातल्या पत्रकात वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ते पत्रक आपल्याकडे खोक्यासकट भंगारात जातं, हा भाग वेगळा.

आणि शॉकप उघडायचा विचार तर मनातही आणू नये. तेल जोराने घुसळलं की त्यात सोड्यासारखे बुडबुडे येतात, आणि बुडबुड्यांना विरोध कसा करायचा हे पिस्टनला ठाऊक नसतं. म्हणून आत नायट्रोजन भरून तेल दाबाखाली ठेवतात. एका नळीच्या शॉकपमध्ये हा दाब वीस बारच्या पुढे असतो, आपल्या टायरमधल्या हवेच्या आठ-दहा पट. हातोडी-छिन्नीने त्याला डिवचणं म्हणजे हात गमावण्याची तयारी.

तंबोरा जुळवणारा चारही खुंट्या एकदम पिळत नाही. एक तार धरतो, ऐकतो, मग दुसरीकडे वळतो. नॉबचंही तेच. मी पाळायला लागलो ती रीत अशी. सकाळी गाडी गार असताना दाराच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरायची. हौद्यात तेच वजन, टाकीत साधारण तेवढंच डिझेल. शॉकपच्या डोळ्यातले रबरी बुश आणि कमानीच्या पिना हाताने हलवून पाहायच्या. माझ्या एका ‘खटखट’ आवाजाचा सगळा दोष नॉबला देऊन झाल्यावर तो झिजलेल्या बुशचा निघाला होता. मग नॉब पूर्ण बंद करायचा, पण जोर न लावता, आणि तिथून उलटे क्लिक मोजत मधोमध आणायचा. डावी-उजवी बाजू कायम सारखी. ठरलेला सात-आठ किलोमीटरचा फेरा: वस्तीतले गतिरोधक, बाजारातला उखडलेला तुकडा, महामार्गावरचं एक वळण. एका फेरीला एकच बदल, दोन क्लिकचा. उतरल्याबरोबर वहीत नोंद, घरी जाऊन नव्हे, कारण चहा पिईपर्यंत मणक्याला काय वाटलं होतं हे विसरायला होतं.

आधी रिबाउंड. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन सरळ स्थिरावली पाहिजे, दुसरा हेलकावा दिसता कामा नये. तिथे पोचलं की एक क्लिक मागे घेऊन बाजारातल्या खड्ड्यांवर पाहायचं, ती खाली बसत तर नाही ना. मग कम्प्रेशन, अगदी कमीवरून सुरुवात करून, ठोकळ्यावर आपटणं थांबेपर्यंत. त्यासाठी एक फुकटातली युक्ती आहे. शॉकपची दांडी उघडी असेल तर तिच्यावर प्लास्टिकचा बारीक केबल टाय घट्ट नव्हे असा बांधायचा आणि नळीपर्यंत सरकवून ठेवायचा. फेरीनंतर तो जिथे थांबलेला असतो, तिथवर शॉकप दबला होता. पूर्ण फेरीत एकदाही शेवटाजवळ गेला नाही, म्हणजे आपण विकत घेतलेला प्रवास वापरतच नाही आहोत. दर फेरीला टोकाला टेकतो, म्हणजे एक-दोन क्लिक वाढवायला हरकत नाही. पण स्प्रिंगच दमली असेल, पाटे सपाट झाले असतील, तर कुठलाही नॉब तिला उचलून धरत नाही. तेव्हा वाट कमानीवाल्याकडे.

डांबर सोडलं की आकडे पुन्हा बदलतात. नेऱ्याहून धोदाणीकडे, माथेरानच्या पायथ्याशी जाताना कडेला फुटणाऱ्या दगडगोट्यांच्या गाडीवाटांवर टायरची हवा विशीपर्यंत उतरवली, की निम्मे गचके नॉबला हात न लावता जातात. (महामार्गाला लागायच्या आत ती पुन्हा भरायची. मऊ टायर वेगात तापून फुटतो.) अशा वाटेवर मी रिबाउंड दोन क्लिक सोडतो, म्हणजे चाक खळग्यात चटकन उतरतं आणि दगडाला धरून राहतं. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या चिखलाच्या स्पर्धेत तर गाड्या पावलापावलाने सरकतात; तिथे शॉकपच्या विरोधापेक्षा त्याची लांबी, म्हणजे चाक किती खाली लोंबू शकतं, हेच जास्त कामाला येतं.

लांबीवरून कायद्याची आठवण झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ वैशिष्ट्याला बदलणारी रचना परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदलांबाबत कडक भूमिका घेतली. गाडी चार इंच उचलून, बाहेर आलेले टायर लावून एमएच-४६ च्या पाट्या मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. मूळ लांबीचाच शॉकप बसवून आतल्या तेलाची वाट बदलणं हे त्या मानाने फार गरीब काम आहे.

वहीतली अलीकडची नोंद गेल्या भाताच्या हंगामातली आहे. महाडजवळच्या गावाहून तांदळाची बारा पोती, म्हणजे सहाशे किलो. निघण्याआधी मागच्या टायरची हवा भरल्या वजनाच्या आकड्यावर, रिबाउंड मागे पाचावरून सात, कम्प्रेशनला हात नाही, पुढे काही नाही. नागोठण्याच्या अलीकडे एक मोठा खड्डा चुकला नाही. घरी येऊन पाहिलं तर केबल टाय टोकापासून दीड बोट अलीकडे थांबलेला. पोती उतरवली आणि हौद्यात सांडलेले दाणे झाडायच्या आधी मागचे नॉब पुन्हा पाचावर आणले.